पत्रिका छापायची आहे? आधी यादी आणा!

इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाला घरात दोनच कामं सांगतात. एक म्हणजे फ्यूज गेला की बघ, आणि दुसरं म्हणजे "तुला कॉम्प्युटर येतो ना, मग पत्रिकेचं तूच बघ." ताईचं लग्न ठरलं आणि दुसरं काम माझ्या गळ्यात पडलं. बाबांनी सांगितलं, "पत्रिका, वाटप, सगळं धरून दहा हजार. त्याच्या वर एक रुपया नाही." तात्याकाकांच्या मनात मात्र हजार पत्रिका होत्या, त्याही बॉक्सवाल्या, ४५ रुपयांची एक. हजार गुणिले पंचेचाळीस... कॅल्सी काढायची गरजच पडली नाही.

या कामात जे कळलं ते इथे लिहितोय, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरी येत्या दोन-चार वर्षांत बहिणीचं नाहीतर भावाचं लग्न निघणार आहे. (स्वतःच्या लग्नाचं बघू नंतर, आधी बॅकलॉग सोडवा!)

सगळे जण सुरुवात करतात ती दुकानापासून. अप्पा बळवंत चौकात जायचं, जाडजूड अल्बम चाळायचे, सोनेरी गणपती आवडून घ्यायचा आणि मग घासाघीस करायची. माझं म्हणणं असं की दुकानात पाय ठेवायच्या आधीच खर्चाचा बराचसा निकाल लागलेला असतो. तो यादीत लागतो. दुकानदाराशी हुज्जत घालून पत्रिकेमागे रुपया सुटेल. यादी नीट केली तर अख्ख्या पत्रिकाच सुटतात.

आमच्याकडे बाबांची एक जुनी डायरी आहे. आत्याच्या लग्नापासून कोणी किती आहेर केला ते तिच्यात लिहिलेलं आहे. त्या डायरीतून आणि सगळ्यांच्या फोनमधून नावं काढली, ती झाली ९१२. तात्यांचा हजाराचा आकडा इथूनच आलेला. पण पत्रिका माणसागणिक जात नाही, चुलीगणिक जाते. एका घरात आजोबा, दोन मुलं, तीन नातवंडं असली तरी पत्रिका एकच, "सहकुटुंब सहपरिवार". एक्सेलमध्ये गाव, वाडी आणि घर असे तीन कॉलम करून सॉर्ट मारला, तेव्हा ९१२ नावांच्या ५३० चुली झाल्या. मात्र भाऊ वेगळे राहत असतील, चूल वेगळी मांडली असेल, तर पत्रिकाही वेगळी. इथे कंजूषपणा करू नका. पाच रुपये वाचतील आणि पुढची दहा वर्षं "आम्हाला मोठ्याच्या पत्रिकेत धरलं" हे ऐकावं लागेल. कोणाची चूल कधी वेगळी झाली हे एक्सेलला कळत नाही, ते आईला विचारावं लागतं.

५३० मधल्या १४० घरांना फोनवरून पत्रिका चालण्यासारखी होती. ताईच्या ऑफिसातली मंडळी, माझे मित्र, बाबांचे बदलीच्या गावचे लोक. त्यांना पीडीएफ आणि वर एक फोन. फोन करायचाच, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आलेलं आमंत्रण लोक गुड मॉर्निंगच्या फुलांसारखं बघतात. उरल्या ३९०. या घरांत कागदच लागतो. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेली पत्रिका हातात ठेवून "यायचं बरं का" म्हटल्याशिवाय तिथे आमंत्रण झालं असं कोणी मानत नाही, आणि मलाही त्यात काही चूक वाटत नाही. आयत्या वेळी आठवणाऱ्यांसाठी ३० जादा धरल्या आणि आकडा ४२० वर कायम केला. (हा आकडा ऐकून मित्र हसले. हसू दे.)

आता थोडं एम-थ्री नको, बारावीचं गणित

छपाईच्या कोणत्याही पद्धतीत दोन खर्च असतात. एक ठरावीक, म्हणजे मजकूर लावणं, प्लेट, मशीन सेट करणं. हा एक पत्रिका छापा नाहीतर हजार, तेवढाच. दुसरा नगागणिक, म्हणजे कागद, शाई, मजुरी. ऑफसेटमध्ये पहिला जास्त आणि दुसरा कमी. डिजिटल प्रिंटला प्लेटच नसते, म्हणून पहिला जवळजवळ शून्य, पण दुसरा जास्त. बस, एवढंच. y = mx + c.

मला मिळालेले दर असे होते (तुमच्या गावात वेगळे असतील, पण हिशोबाची रीत हीच). डिजिटलला ३०० जीएसएमच्या एका शीटला २८ रुपये, एका शीटमध्ये चार पत्रिका, म्हणजे नगाला ७. चार रंगांच्या ऑफसेटला ठरावीक ४,५०० आणि नगाला ३. एका रंगाच्या ऑफसेटला एकच प्लेट, त्यामुळे ठरावीक १,३०० आणि नगाला २. पाकीट सगळ्यांना सारखंच, अडीच रुपये.

चार रंगांचं ऑफसेट डिजिटलपेक्षा नगामागे ४ रुपयांनी स्वस्त आहे. ४,५०० ला ४ ने भागा, येतात १,१२५. म्हणजे तेवढ्या पत्रिका झाल्याशिवाय ऑफसेटवर रंगीत छापण्यात अर्थ नाही. पण एका रंगात नगामागे ५ रुपये वाचतात. १,३०० भागिले ५ म्हणजे २६०. आमच्या ४२० होत्या, २६० च्या पुढे आणि १,१२५ च्या बऱ्याच अलीकडे! म्हणजे आमच्यासाठी एक रंग सगळ्यात स्वस्त. पाकिटं आणि कटिंग धरून डिजिटलला ४,१४० होत होते, एका रंगाला ३,१९०. अल्बममधली तयार कोरी पत्रिका घेऊन तिच्यावर छापून घ्यायची म्हटली तर साधीतली साधी १६ रुपयांची, वर छपाई नगाला २ आणि १,४०० वेगळे, म्हणजे ८,९६०. दर विचारताना एकच वाक्य लक्षात ठेवा: "जीएसटी, कटिंग, पाकीट, सगळं धरून किती?" नाहीतर सांगितलेला दर आणि बिल यांची ओळखसुद्धा नसते.

आता काही जण म्हणतील, एक रंग म्हणजे दहाव्याची पत्रिका वाटेल. काळ्या शाईत छापली तर वाटेलच! शाई काळीच असली पाहिजे असा नियम नाही. हस्तिदंती रंगाचं कार्ड आणि कुंकवाच्या रंगाची शाई घ्या. गणपती, बॉर्डर, अक्षरं सगळं त्याच एका रंगात. आई म्हणाली, "आमच्या लग्नाची अशीच होती." म्हणजे पास.

एक रंगाइतकीच दुसरी मोठी बचत आकारात आहे. डिजिटलवाल्याकडे आणि छोट्या ऑफसेटवर छापायची जागा साधारण १२ × १८ इंच मिळते. ६ × ९ ची पत्रिका घेतली तर त्यात बरोबर चार बसतात. हल्ली फॅशन आहे ७ × ७ च्या चौकोनी पत्रिकेची. ती बसते दोनच. २१६ चौरस इंचांपैकी ९८ वापरले, बाकी ५५ टक्के कागद कटिंगवाल्याच्या पोत्यात. आणि त्या पोत्यातल्या कागदाचे पैसे आपणच दिलेले असतात. ४ × ९ ची लांबट पत्रिका घेतली तर सहा बसतात, पण आपल्याकडची नावं त्यात बसत नाहीत. नावांचं पुढे सांगतोच.

वजनाचंही बघा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे वजनकाट्याची गरज नाही. ६ × ९ इंच म्हणजे ०.०३४८ चौरस मीटर. गुणिले ३००, साधारण साडेदहा ग्रॅम. पाकिटाला ९० जीएसएमचा कागद धरला तर घड्यांसकट ८ ग्रॅम. एकूण साडेअठरा. पोस्टात साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, म्हणजे आपण आत आहोत. पण काकू म्हणतात तशी हळदीची वेगळी चिठ्ठी, पत्रिकेच्या निम्म्या आकाराची, १७० जीएसएमची आत टाकली की ३ ग्रॅम वाढले आणि टप्पा ओलांडला. एका चिठ्ठीने छपाईही वाढते आणि तिकीटही. आम्ही हळद आणि लग्न दोन्ही एकाच कार्डावर घेतलं.

मजकूर, म्हणजे खरा पेपर

कागदाचं गणित सुटतं हो. मजकुराचं सुटत नाही.

आमच्या सातारा-सांगलीकडच्या पत्रिका तुम्ही पाहिल्या असतील. वर कुलदैवत, ग्रामदैवत, मग आमदार-खासदारांपासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत "प्रमुख उपस्थिती", मग निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, आणि शेवटी शेंबड्या पोरांची फौज: "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!" नवरा-नवरीचं नाव शोधायला भिंग लागतं. यातलं प्रत्येक नाव जागा खातं. जागा वाढली की आकार वाढतो, आकार वाढला की शीटमध्ये चाराच्या दोन होतात. एक नाव फुकट असतं, पण चाळिसावं नाव सगळा खर्च दुप्पट करू शकतं.

आम्ही ठरवलं की पुढारी नकोत, पोरंही नकोत. (पोरांनी उपोषणाची धमकी दिली. पीडीएफमध्ये त्यांची नावं टाकली, तिथे जागेला पैसे पडत नाहीत.) "आमचे येथे श्रीकृपेकरून" ठेवलं, कारण त्याशिवाय बाबांना पत्रिका वाटत नाही. "शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे" हा जुना शब्द ताईने स्वतः कापला, तिथे "शुभविवाह" आला. नवऱ्या मुलाला "चि." आणि मुलीला "चि. सौ. कां." का, हे मला कोणी सांगू शकेना, शेवटी आजीने सांगितलं की चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. ते "कां"वरचं टिंब ऑपरेटर हमखास खातो, तिथे लक्ष ठेवा. डिग्र्या गाळल्या. आहेराबद्दल एक ओळ घातली. आणि सगळ्यात उपयोगाची ओळ शेवटी: "नजरचुकीने निमंत्रण राहिले असल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे." ही ओळ म्हणजे अख्ख्या यादीचा विमा आहे.

अडलं ते निमंत्रकांच्या नावावर. माझी मोठी आत्या गेली बावीस वर्षं आमच्यातच राहते. तिचे यजमान लवकर गेले. आईची शिफ्टची नोकरी, त्यामुळे ताईला न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं आत्यानेच केलं. पत्रिकेच्या कच्च्या मजकुरात मी तिचं नाव आई-बाबांच्या खालोखाल घातलं होतं. तात्या म्हणाले, "शुभकार्याच्या पत्रिकेत विधवेचं नाव निमंत्रक म्हणून वर कशाला? खाली 'समस्त परिवार' आहे की." चिडून म्हणाले नाहीत, अगदी सहज म्हणाले. आत्या तिथेच भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "राहू दे रे, जागा वाचेल तुझी."

जागा मी मोजलेली होती. एक ओळ, साडेपाच मिलिमीटर, आणि ती कार्डात आरामात बसत होती. तेवढंच बोललो. मग ताई बोलली, आणि ती गणितात नाही बोलली. ती म्हणाली, आत्याचं नाव नसेल तर माझंही काढा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकी ग्रामपंचायतींनाही त्याचं अनुकरण करायला सांगितलं, हे बाबांना माहीत होतं. त्यांनी तात्यांना ते शांतपणे ऐकवलं आणि पेन्सिलीने स्वतः दुरुस्ती केली. आत्याचं नाव आई-बाबांच्या खालून वर गेलं, पहिल्या ओळीत. मागे "गं. भा." नाही, "श्रीमती". तात्या दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी पत्रिका वाटायला गाडीवर मागे तेच बसले.

प्रेसमध्ये जाताना

आता थोडं आपल्या ब्रँचचं. पत्रिका घरीच बनवायची असेल तर इंकस्केप फुकट आहे. फाँटसाठी मुक्ता आणि बालू हे देवनागरी फाँट मोफत मिळतात. तिरो देवनागरी मराठी तर मुद्दाम मराठी वळणाचाच केलेला आहे. आपला "ल" आणि "श" हिंदीपेक्षा वेगळा असतो आणि तो चुकला की पत्रिका परगावची वाटते. पण फाईल तशीच नेऊ नका. पुष्कळ प्रेसवाले अजून श्री-लिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाँटवर काम करतात. त्यांची अक्षरांची कोड-पद्धत वेगळी आणि आपलं युनिकोड वेगळं. आपला मजकूर तिथे उघडला की ऱ्हस्व वेलांटी एका अक्षरावरून दुसऱ्यावर उडी मारते, रफार गायब होतो. मग ते सगळं परत टाइप करतात, आणि चुका तिथे शिरतात. उपाय सोपा आहे. सगळी अक्षरं सिलेक्ट करून "ऑब्जेक्ट टू पाथ" करा, म्हणजे अक्षराचं चित्र होतं, आणि मग पीडीएफ द्या. मूळ फाईल मात्र वेगळी ठेवा, कारण पाथ झालेल्या अक्षरात परत दुरुस्ती होत नाही.

कार्यालयाच्या नकाशासाठी क्यूआर कोड टाकत असाल तर तो "स्टॅटिक" घ्या. त्यात लिंक कोडच्याच ठिपक्यांत असते, ती कधी संपत नाही. "डायनॅमिक" कोड आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो; फुकटची मुदत संपली की पाहुणे कार्यालयाऐवजी जाहिरातीवर पोचतात. कोड निदान दोन सेंटिमीटरचा ठेवा आणि झेरॉक्स काढून त्याच्यावरून स्कॅन करून बघा. आणि कोड असला तरी "एसटी स्टँडपासून डावीकडे" ही ओळ लिहाच. आजोबा स्कॅन करत नाहीत.

प्रूफ दोन जणांनी वाचायचं: एक घरचा आणि एक ज्याला या लग्नाचं काहीच माहीत नाही असा. घरच्याला बरोबर काय आहे ते पाठ असतं, म्हणून चुकलेलंही बरोबरच दिसतं. मी रूममेटला बसवलं. त्याने विचारलं, "कार्यालय कुठल्या तालुक्यात?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण घरात सगळ्यांना माहीत होतं! प्रूफवरचे फोन नंबर वाचू नका, प्रूफवरून बघून डायल करा. तारीख, वार आणि तिथी तिन्ही पंचांगाशी ताडून बघा. ओळखीतल्या एका पत्रिकेवर तारीख बरोबर होती पण वार आदल्या दिवसाचा, आणि सगळी छपाई परत करावी लागली. प्रूफवर सही केली की पुढची जबाबदारी आपली, प्रेसवाल्याची नाही.

वाटपाचा खर्च कोणी धरत नाही आणि तो छपाईला गाठतो. ४६ पत्रिका पोस्टाने गेल्या, तिकिटं २३० रुपयांची. उरलेल्या ३४४ पत्रिका २७ गावांत द्यायच्या होत्या. कोणत्या क्रमाने फिरायचं? कॉम्प्युटरवाल्यांनो, हाच तो ट्रॅव्हलिंग सेल्समन. २७ फॅक्टोरियल कॅल्सीवर दाबा, एकावर २८ शून्यांएवढे क्रम येतात. तात्यांनी हा प्रॉब्लेम चहा पिता पिता सोडवला: रस्त्यागणिक चार भाग, रोज एक भाग, आणि ज्या गावात आठवडी बाजार असेल तिथे बाजाराच्या दिवशी अजिबात जायचं नाही, कारण घराला कुलूप असतं. मामांच्या गावचा गठ्ठा मामांकडेच दिला, पण त्यांची स्वतःची पत्रिका आई-बाबा घेऊन गेले. तो मान पोस्टाने किंवा भाच्याच्या हातून जात नाही. पहिली पत्रिका अर्थात ग्रामदैवताला. चार दिवसांचं पेट्रोल १,८०० रुपये.

बेरीज: छपाई ३,१९०, तिकिटं २३०, पेट्रोल १,८००, प्रूफच्या प्रिंट आणि झेरॉक्स ६०. एकूण ५,२८०. उरलेले ४,७२० बाबांनी परत घेतले आणि कुठे खर्च केले ते सांगितलं नाही, पण लग्नात आत्याची साडी नवीन होती. जादा ३० मधल्या १९ पत्रिका शेवटच्या आठवड्यात "अरे, ते राहिले की!" म्हणून गेल्या, ११ उरल्या.

इंकस्केपची मूळ फाईल माझ्याकडे आहे, पाथ न केलेली. कोणाच्या घरी कार्य असेल तर पेन ड्राइव्ह घेऊन हॉस्टेलवर या. फक्त आमच्या ताईचं नाव बदलायला विसरू नका.